उपेक्षा, दत्तक आणि शोकाचा क्रम : अ‍ॅकर्ली यांच्या दोन श्वानकथा

टाकून दिलेले किंवा हेळसांड झालेले कुत्रे कोणी घरी आणतो, ते माणसाळते, दहाबारा वर्षे त्या घरात वावरते आणि मरते. आणणारा मागे राहतो. घटना म्हणून पाहता यात अपूर्व असे काहीच नाही. माणसाच्या मानाने कुत्र्याचे आयुष्य इतके आखूड की, हा शेवट त्याला घरी आणण्याच्या दिवशीच ठरलेला असतो. असे असूनही वाङ्मयात या साध्या घटनेचे चित्र शोधू लागल्यास फारच थोडे हाती लागते. कुत्र्याच्या इमानाच्या कथा उदंड आहेत. धन्यामागे झुरून मेलेल्या कुत्र्यांची स्मारकेही आहेत. परंतु कुत्र्यामागे उरलेल्या माणसाचा शोक गांभीर्याने मांडणारे लेखन विरळा. विषयच क्षुद्र, म्हणून लेखन थोडे, असे याचे उत्तर सहज देता येईल. पण ज्या परंपरेत एका क्रौंच पक्ष्याच्या वधापासून महाकाव्याचा उगम सांगितला जातो, त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाने तरी ते उत्तर स्वीकारू नये. प्रस्तुत लेखकाच्या मते कारण निराळे आहे. प्राणी आणि माणूस यांच्या स्नेहाच्या ज्या कथा आपण परंपरेने सांगत आलो, त्यांत मृत्यूचा क्रम बहुधा उलटा लावून घेतलेला असतो. माणूस आधी जातो, प्राणी मागे राहतो. किंवा प्राणी मरतच नाही. वस्तुस्थितीतला क्रम कथेत आणल्यास काय होते, याचा विचार इंग्रज लेखक जे. आर. अ‍ॅकर्ली (१८९६–१९६७) यांच्या दोन पुस्तकांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

अ‍ॅकर्ली यांचे नाव आपल्याकडील इंग्रजीच्या अभ्यासकांस ठाऊक असते ते बहुधा ‘हिंदू हॉलिडे’ (१९३२) या पुस्तकामुळे. १९२३ च्या अखेरीस ते छत्रपूरच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून बुंदेलखंडात आले आणि काही महिने तेथे राहिले. त्या वास्तव्याची ही रोजनिशी. संस्थानाचे नाव त्यांनी बदलून ‘छोकरापूर’ असे केले, यावरून त्यांच्या विनोदाची जात कळते. पुढे १९३५ पासून १९५९ पर्यंत ते ‘द लिसनर’ या साप्ताहिकाचे वाङ्मयविभागाचे संपादक होते. ई. एम. फॉर्स्टर यांचे ते निकटचे स्नेही. स्वतःची पुस्तके मात्र त्यांनी मोजकीच लिहिली, आणि त्यांतील दोन एकाच कुत्रीभोवती फिरतात. तिचे खरे नाव क्वीनी. ‘माय डॉग ट्युलिप’ (१९५६) या आठवणींच्या पुस्तकात ती ट्युलिप झाली, आणि ‘वुई थिंक द वर्ल्ड ऑफ यू’ (१९६०) या कादंबरीत ईव्ही. क्वीनी १९६१ च्या ऑक्टोबरअखेरीस मरण पावली. म्हणजे दोन्ही पुस्तके ती जिवंत असताना प्रसिद्ध झाली, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवावयास हवी.

ट्युलिप ही अल्सेशियन जातीची. अ‍ॅकर्ली यांच्याकडे आली तेव्हा ती दीड वर्षाची होती. तत्पूर्वीचे तिचे जीवन लंडनमधील एका कामगार कुटुंबाच्या घरामागील चिमुकल्या परसात गेले होते. घरची माणसे दिवसभर कामावर. कुत्री किमती, म्हणून मोकळी सोडावयाची नाही. साखळीला हिसडे देते, म्हणून फिरावयास न्यावयाची नाही. तिने भुंकावे, आणि भुंकते म्हणून मार खावा. अ‍ॅकर्ली हा सारा वृत्तांत थोडक्यात आणि कोरडेपणाने देतात. ‘सुटका’ या कल्पनेवर पुढे ज्या प्रकारचे भावविवश लेखन इंग्रजीत पुष्कळ झाले, त्याचा येथे मागमूसही नाही. उलट पुस्तकाचा बराच भाग मलमूत्र, माज, जोड लावण्याचे फसलेले प्रयत्न, पशुवैद्यांकडील फजिती यांनी व्यापलेला आहे. एका प्रकरणाचे नावच ‘द्रव आणि घन पदार्थ’ अशा अर्थाचे आहे. अनेक वाचकांना यात किळस वाटली आणि आजही वाटते. परंतु या किळसवाण्या तपशिलाचे प्रयोजन ओळखल्याखेरीज पुस्तकाचे मर्म कळणे शक्य नाही. ट्युलिपला परसात अन्न मिळत होते, निवारा मिळत होता. मिळत नव्हते ते एवढेच की, तिला काय हवे आहे याकडे कोणी पाहत नव्हते. अ‍ॅकर्ली पाहतात. ती कोठे हुंगते, कोणत्या जागी थांबते, दोन वेळच्या लघवीत तिच्या दृष्टीने काय भेद आहे, हे सारे ते एखाद्या अपरिचित बोलीची नोंद करणाऱ्या अभ्यासकाच्या चिकाटीने टिपतात. त्यांच्या गद्यातील प्रेम विशेषणांत नाही, ते या नोंदींत आहे.

पहिल्याच प्रकरणात मिस कॅन्व्ही नावाच्या पशुवैद्य बाई येतात. आधीच्या वैद्यांना ट्युलिप अंगाला हात लावू देत नव्हती. बाई अ‍ॅकर्ली यांनाच खोलीबाहेर काढतात, आणि कुत्री मुकाट्याने तपासू देते. मग बाई त्यांना सांगतात की, कुत्री गुणी आहे, अडचण तुमची आहे. तिचा तुमच्यावर जीव आहे, म्हणून सारे जग तिला तुमच्यावर चालून येणारे वाटते. सोडवणारा हाच नव्या भयाचे कारण होतो. एक साखळी सुटली आणि दुसरी पडली, हे ज्याला इतक्या लवकर उमगले, त्या लेखकाने पुढे कादंबरी लिहावी हे क्रमप्राप्तच होते.

‘वुई थिंक द वर्ल्ड ऑफ यू’ ही कादंबरी, माझ्या मते, दोहोंतील अधिक समर्थ कृती आहे. (तिला १९६२ साली इंग्लंडातील डब्ल्यू. एच. स्मिथ पारितोषिक मिळाले. वाचकप्रियता मात्र ‘ट्युलिप’लाच लाभली.) निवेदक फ्रँक हा सरकारी नोकरीतील मध्यमवयीन, मध्यमवर्गीय गृहस्थ. त्याचा तरुण कामगार मित्र जॉनी घरफोडीच्या गुन्ह्यात पकडला जातो. जॉनीची कुत्री ईव्ही कोणी सांभाळावी, असा प्रश्न निघतो. जॉनी प्रथम फ्रँकलाच विचारतो आणि फ्रँक नाही म्हणतो. कुत्री जॉनीची आई मिली आणि सावत्र बाप टॉम यांच्याकडे जाते. पुढे फ्रँक त्या घरी जातो, तिची दशा पाहतो, आणि हळूहळू त्याला तिच्याखेरीज दुसरे काही सुचेनासे होते. कादंबरी म्हणजे त्या कुत्रीच्या ताब्यासाठी चाललेली दीर्घ ओढाताण होय. तीत दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे आहेत, आणि दोन्ही पक्ष आपल्याच प्रेमाचा दाखला देतात. शीर्षकातील वाक्प्रयोगाचा भावार्थ ‘तुमच्यावर आमचा फार जीव आहे’ असा. हे वाक्य कादंबरीतील पात्रे एकमेकांना पुनःपुन्हा ऐकवतात. आणि जितक्या वेळा ते उच्चारले जाते, तितके ते पोकळ होत जाते. शब्दाचे चलन वाढले की त्याची किंमत उतरते, याचे इतके कठोर उदाहरण कादंबरीवाङ्मयात क्वचितच सापडेल.

येथे ‘उपेक्षा’ या शब्दाकडे वळणे अवश्य आहे. संस्कृतात हा शब्द ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूपासून झाला, आणि ‘अपेक्षा’, ‘परीक्षा’, ‘प्रतीक्षा’ ही त्याचीच भावंडे. उपेक्षा म्हणजे न पाहणे नव्हे. पाहून तसेच राहू देणे होय. योगसूत्रांत आणि बौद्ध विचारात या तटस्थ पाहण्याला गुणाचे स्थान आहे, हा भाग वेगळा. टॉम आणि मिली ईव्हीला रोज पाहतात. ती त्यांच्या डोळ्यांसमोर, दाराशी बांधलेली असते. ती माणसे क्रूर आहेत असे लेखक कोठेही म्हणत नाही. टॉम तिला मारतो, पण त्याच्या लेखी ते वळण लावणे आहे. मिली तिला खाऊ घालते, आणि खाऊ घालणे म्हणजेच जीव लावणे अशी तिची प्रामाणिक समजूत आहे. आपल्याकडे दाराशी बांधलेल्या कुत्र्याला शिळी भाकरी टाकणाऱ्या आणि त्याला ‘आमचा राखणदार’ म्हणून कौतुकाने दाखविणाऱ्या किती घरांत याहून निराळे चालते? हेळसांड ही दुष्टांची मिरासदारी नाही, हे अ‍ॅकर्ली यांना दिसले. आणि हेळसांड थांबविणारा सज्जनच असतो असे नाही, हेही दिसले. फ्रँक चिडखोर आहे, वर्गाभिमानी आहे, जॉनीची पत्नी मेगन हिच्याविषयी तो अनुदार, प्रसंगी हीन बोलतो. कुत्रीवरील त्याच्या करुणेत जॉनीवरील त्याच्या हक्काची भूक मिसळलेली आहे. हा दोष निवेदकाचा की लेखकाचा, असा प्रश्न टीकाकारास पडतो. स्त्रीपात्रांच्या बाबतीत तो काही अंशी लेखकाचाच आहे, असे म्हणावे लागते. मेगनला एकदाही आपली बाजू मांडू दिलेली नाही. कुत्रीच्या मनाचा इतका सूक्ष्म वेध घेणाऱ्या लेखकाला ती बाई मात्र केवळ अडसर वाटली.

शेवटी फ्रँकला ईव्ही मिळते. सुटकेच्या कथेचा हा परमोच्च बिंदू असावयास हवा होता. अ‍ॅकर्ली तेथे थांबत नाहीत. ईव्ही फ्रँकजवळ दुसऱ्या कोणाला येऊ देत नाही. मित्र दुरावतात. तो तिच्यासह माडीवरच्या खोल्यांत एकटा पडतो. ज्याने ताबा मिळविला, त्याचाच ताबा घेतला गेला. हे तो तक्रारीच्या सुरात सांगत नाही. नीट पाहता तो सुखी आहे. पण ते सुख वाचकाला निर्धास्तपणे घेता येत नाही.

कुत्रे घरी आणण्याला आज मराठी वृत्तपत्रांत ‘दत्तक घेणे’ असे म्हणू लागले आहेत. हे उघडच इंग्रजीचे भाषांतर होय. बोलण्यात तर ‘रेस्क्यू केलेला कुत्रा’ असेच ऐकू येते. प्रस्तुत लेखकाचा या प्रयोगांना विरोध नाही. भाषा गरजेप्रमाणे शब्द घेते. परंतु ‘दत्तक’ शब्दाने आपल्याबरोबर कोणता संसार आणला, हे पाहण्यासारखे आहे. दत्तक म्हणजे दिलेला. देणारा असल्याखेरीज दत्तक होत नाही. नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसा’सारख्या ग्रंथांत दत्तकाचे प्रयोजन स्पष्ट आहे: पिंडोदकक्रिया चालावी आणि नाव राहावे. म्हणजे दत्तक पुत्र हा घेणाऱ्याचे और्ध्वदेहिक करण्यासाठी घेतलेला असतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तहोमाची आवश्यकता काढून टाकली. प्रत्यक्ष देणे आणि घेणे मात्र आवश्यक ठेवले. (‘माय डॉग ट्युलिप’ त्याच वर्षी प्रसिद्ध व्हावे, हा केवळ योगायोग.) अ‍ॅकर्ली यांच्या कादंबरीतील सारा पेच याच देण्याघेण्याचा आहे. कुत्री कोणाला नको आहे, पण द्यावयाचीही नाही.

याउलट रस्त्यावरच्या कुत्र्याला कोणी दिलेलेच नसते. त्याच्यासाठी आपला शब्द ‘बेवारस’. ‘वारिस’ म्हणजे वारसदार. बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही असे. मुळात हा मालमत्तेच्या व्यवहारातला शब्द. पुढे ज्याचा धनी सापडत नाही अशा गाठोड्याला, प्रेताला आणि कुत्र्याला तो सरसकट लागला. वस्तूला वारस नसणे म्हणजे तिच्यावर कोणाचा हक्क नसणे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला भुकेने वा तहानेने यातना होण्याचा संभव असेल अशा अवस्थेत ते विनाकारण टाकून देणे हा गुन्हा ठरविला, आणि २०२३ च्या नियमांनी रस्त्यावरील कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ अशा अर्थाची संज्ञा दिली. कायद्याची परिभाषा बदलली. बोलीतला ‘बेवारस’ मात्र जागचा हलला नाही. तेव्हा ‘बेवारस कुत्रा दत्तक घेतला’ या आजच्या साध्या वाक्यात वारसाहक्काच्या दोन संज्ञा एकत्र आल्या आहेत, आणि त्या दोन्हींची दिशा येथे फिरली आहे. येथे घेणाऱ्यालाच दत्तकाचे शेवटचे पाणी द्यावयाचे असते. शब्दाने जो क्रम गृहीत धरला, तो वस्तुस्थितीने उलटविला. शोकाचा प्रश्न येथून सुरू होतो.

आता हा क्रम जुन्या कथांनी कसा हाताळला ते पाहू. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गातील आर्गोस हा पाश्चात्त्य वाङ्मयातील सर्वांत जुना उपेक्षित कुत्रा म्हणावयास हरकत नाही. धनी वीस वर्षे परागंदा. चाकरांनी हेळसांड केलेली. दाराबाहेरील शेणाच्या उकिरड्यावर तो गोचिडांनी भरून पडलेला. वेषांतर केलेल्या ओडिसियसला तो ओळखतो, शेपूट हलवितो आणि मरतो. ओडिसियसच्या डोळ्यांत पाणी येते. पण सोबत्याला दिसू नये म्हणून तो ते लपवून पुसतो. कथेच्या ओघात याचे कारण वेषांतर हे आहे. परंतु पुढील अडीच हजार वर्षांत कुत्र्यासाठी रडणाऱ्याने ते अश्रू लपवूनच पुसले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बायरनने १८०८ मध्ये आपल्या बोट्स्वेन या कुत्र्याचे थोरले स्मारक उभारले, पण त्यावरील कवितेचा खरा रोख मनुष्यजातीची निंदा करण्यावर आहे. शोकाला तेथे उपहासाचे चिलखत चढवावे लागले.

आपल्याकडे रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा १९३६ साली बसविण्यात आला. धन्याच्या चितेत त्याने उडी घेतली, ही त्यामागील आख्यायिका. तिला समकालीन साधनांत आधार नसल्याचे अनेक इतिहासाभ्यासकांचे म्हणणे आहे, आणि तो वाद येथे चालविण्याचे कारण नाही. येथे महत्त्वाचे हे की, लोकमानसाला कुत्र्याचा शोक सतीच्या रूपातच सुचला. जेजुरीचा वाघ्या पाहिला तर माणूसच देवाचा कुत्रा होतो. पूर्वी वाघ्ये कुत्र्याप्रमाणे भुंकत आणि कोटंब्यातील अन्न खात. कुत्रा हा निष्ठेचा मानदंड, आणि निष्ठा ही खालून वर जाणारी गोष्ट. वरून खाली येणाऱ्या प्रेमाला कृपा म्हणतात. कृपा करणाऱ्याने शोक करावयाचा नसतो.

प्राण्याला वाचवून त्याचा सांभाळ करण्याची आणि त्यात गुंतण्याची आपली थोर कथा कुत्र्याची नाही, हरणाची आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात आणि विष्णुपुराणात राजा भरताचे आख्यान येते. सिंहगर्जनेने भ्यालेली गाभण हरिणी उडी घेते, पाडस नदीत पडते, हरिणी मरते. राज्य सोडून तपाला बसलेला भरत ते पाडस उचलून आणतो. मग नेम चुकू लागतात, पाडस दृष्टीआड झाले की जीव कासावीस होतो. भागवतकारांनी ही कासाविशी इतक्या आत्मीयतेने वर्णिली आहे की, तिला मोह ठरविण्याच्या त्यांच्या हेतूवर ती मात करते. वर्णनात रमलेला कवी आणि बोध करणारा पुराणिक यांची येथे फारकत झाली आहे. परंतु क्रम पाहावा. मरतो तो भरत. पाडस त्याच्या शेजारी पुत्राप्रमाणे शोक करीत उभे असते. त्याच्याकडे पाहत प्राण गेला, म्हणून भरताला हरणाचा जन्म येतो. वाचविणाऱ्याने वाचविलेल्याला अग्नी द्यावा, हा प्रसंग येथेही टळला. शाकुंतलाच्या चौथ्या अंकातील पाडसालाही कालिदासाने ‘पुत्रकृतक’ म्हटले आहे, म्हणजे दत्तकाचीच कल्पना. तेथे विरह आहे, मृत्यू नाही.

महाभारताचे काय? आदिपर्वाच्या आरंभी जनमेजयाचे भाऊ यज्ञस्थळी आलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला विनाकारण मारतात, आणि सरमा त्यांना जाब विचारून शाप देते. महाप्रास्थानिक पर्वात हस्तिनापुराहून निघालेल्या सहा जणांमागे एक कुत्रा चालू लागतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दोन टोकांना दोन कुत्री असावीत, याकडे अनेकांनी लक्ष वेधले आहे. या कुत्र्याला टाकून स्वर्गात येण्यास युधिष्ठिर नकार देतो, हे सर्वज्ञात आहे. इंद्राचा प्रतिप्रश्न आणि युधिष्ठिराचे उत्तर मात्र पुरेसे चर्चिले गेलेले नाही. इंद्र विचारतो, भावांना आणि द्रौपदीला वाटेत सोडलेस, मग कुत्र्यापाशीच का अडतोस? युधिष्ठिर म्हणतो, ती मेली होती; मेलेल्यांशी ना संधी, ना विग्रह; त्यांना मी जिवंत असताना सोडले नाही. आश्रिताविषयीचे कर्तव्य जिवंतपणापुरते असते, असा याचा अर्थ. न टाकण्याचा धर्म येथे अत्युच्च कोटीला नेला आहे, आणि त्याच वाक्यात शोकाचा दरवाजा लावून घेतला आहे. कुत्रा मेला असता तर युधिष्ठिर वळूनही न पाहता पुढे गेला असता, हा निष्कर्ष टाळता येत नाही. महाभारतकारांनी ती वेळ येऊ दिली नाही. कुत्रा धर्म झाला.

या पार्श्वभूमीवर अ‍ॅकर्ली यांच्याकडे परतले की, त्यांची कोंडी नीट दिसते. क्वीनी सुमारे पंधरा वर्षे त्यांच्याजवळ राहिली. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘माय फादर अँड मायसेल्फ’ (१९६८) या आत्मवृत्तात ही वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाची होती, असे ते सांगतात. तिच्या मृत्यूनंतर त्यांनी असेही लिहून ठेवले आहे की, प्रथा असती तर आपण तिच्याबरोबर सती गेलो असतो. कोणा माणसासाठी आपण असे कदापि केले नसते. हिंदुस्थानात काही महिने राहिलेल्या या माणसाला आपल्या दुःखासाठी इंग्रजीत रूपक सापडले नाही. ते त्याने आपल्याकडून उचलले, आणि तेही नेमके रायगडच्या आख्यायिकेच्या उलट बाजूने. तेथे कुत्रा धन्याच्या चितेत उडी घेतो. येथे धनी कुत्रीच्या. सती हा शब्द अशा हलक्या हाताने वापरल्याबद्दल आपल्याला राग यावा हे योग्यच आहे. ज्या प्रथेने आपल्या देशातील स्त्रियांचे बळी घेतले, ती लंडनमधील एका विधुरवृत्तीच्या गृहस्थाचा अलंकार होऊ शकत नाही. तथापि टीकाकाराने राग बाजूस ठेवून हेही नोंदवावयास हवे की, परावलंबी जीव मागे उरतो तेव्हाचा शोकच भाषेला सांगता येतो, हे अ‍ॅकर्ली यांना उमगले होते. म्हणून शोक सांगण्यासाठी त्यांनी स्वतःला आश्रिताच्या जागी नेऊन बसविले.

पण ‘ट्युलिप’सारखे पुस्तक त्यांनी या मृत्यूवर लिहिले नाही. ज्या लेखकाने तिच्या मूत्रविसर्जनावर एक प्रकरण खर्ची घातले, त्याने तिच्या अखेरच्या आजारावर, तिच्या मरणावर तशीच निर्भीड पाने लिहिली असती तर ती कशी झाली असती, हा विचार मनात येतोच. आत्मवृत्तात तिला जे स्थान मिळाले ते शेवटाकडे, वडिलांचे रहस्य आणि स्वतःची कामजीवनाची परवड सांगून झाल्यावर. तेथील पाने उत्कट आहेत. पण तेथे ती उत्तर म्हणून येते, आयुष्यभराच्या शोधाला मिळालेले उत्तर. प्राणी म्हणून ती तेथे नाही. हुंगणारी, थांबणारी, दार ओरखडणारी ट्युलिप त्या पानांतून निघून गेली आहे आणि निष्ठेचे एक प्रतीक तेवढे उरले आहे. जुन्या कथांनी जे केले तेच शेवटी येथे झाले. निरीक्षण थांबले तेथे शोक सर्वसामान्य झाला, असा माझा आक्षेप आहे.

मराठीत या विषयाला जागा कशी होईल, याचा विचार करताना व्याकरणाकडेही पाहावे लागते. आपण ‘मला दोन मुलगे आहेत’ म्हणतो आणि ‘माझ्याकडे दोन म्हशी आहेत’ म्हणतो. नात्याचा संबंध चतुर्थीने, धनाचा ‘कडे’ किंवा ‘जवळ’ने. ‘मला कुत्रा आहे’ हे वाक्य कितीही जिव्हाळ्याचा माणूस बोलत नाही. तो फार तर ‘आमच्या घरी कुत्रा आहे’ म्हणतो, आणि घराच्या आडोशाने धनीपणा टाळतो. मृत्यूच्या क्रियापदांतही असेच. माणूस वारतो, जनावर मरते. ‘आमची कुत्री वारली’ म्हणणारा थट्टा करतो आहे असेच ऐकणाऱ्याला वाटेल. मात्र ‘गेली’ हे क्रियापद दोघांना चालते, आणि सांभाळणारी माणसे तेच वापरतात, असे कान देऊन ऐकणाऱ्यास आढळेल. नपुंसकलिंगाचेही तसे. ‘ते कुत्रे’ यात तुच्छता ऐकू येते; परंतु लेकरू, वासरू, पाखरू, पिल्लू ही नपुंसकलिंगी नावे आश्रयाची, लहानपणाची आहेत. तुच्छता आणि माया या दोहोंना एकच लिंग पुरावे, ही आपल्या भाषेची मोठी सोय आहे. इंग्रजीला ती नाही. तेथे लेखकाला वस्तू आणि व्यक्ती यांतून निवड करावी लागते.

भाषेत जागा आहे. अडसर आहे तो अभिरुचीचा. मराठीत कुत्रा पाळणारा मध्यमवर्गीय माणूस वाङ्मयात शिरला तो मुख्यतः विनोदाच्या दाराने. पु. ल. देशपांडे यांचा ‘पाळीव प्राणी’ हा लेख त्याचा उत्तम मासला. त्या विनोदाची गुणवत्ता निर्विवाद आहे आणि श्वानप्रेमी यजमानाने पाहुण्याचा जो छळ मांडलेला असतो, तो त्याहून चांगला कोणी टिपलेला नाही. परंतु त्याने वाचकाचा कान असा घडविला की, कुत्र्यासाठी रडणारा माणूस म्हटले की ओठ आपोआप मुडपतात. प्रकाश आमटे यांचे ‘रानमित्र’ हे पुस्तक या बाबतीत निराळ्या वाटेने जाते. तेथे हेमलकसाला आणलेले अनाथ वन्य प्राणी आहेत, त्यांना वाढविणे आहे आणि त्यांचे मरणही आहे, साध्या, निरलंकार गद्यात. तथापि ते अनुभवकथन आहे. कलाकृतीची जुळणी तेथे अभिप्रेत नाही, आणि ती मागणे अन्यायाचे होईल.

अ‍ॅकर्ली मराठीत आणावयाचे कोणी मनावर घेतले, तर पहिली अडचण मुखपृष्ठावरच येईल. इंग्रजी शीर्षकात ‘डॉग’ हा सामान्यनाम म्हणून आलेला शब्द मादीला सहज चालून गेला आहे. पुस्तकाच्या आत मात्र अ‍ॅकर्ली तिला तिच्या लिंगाने, त्या शब्दाला चिकटलेली शिवी बाजूस सारून, शांतपणे संबोधतात. मराठीत ‘माझा कुत्रा ट्युलिप’ म्हटले तर पहिल्याच पानावर तिचे लिंग बदलते. ‘माझी कुत्री ट्युलिप’ म्हटले तर शिवी आधी ऐकू येते आणि जनावर मागून. ‘माझे कुत्रे’ असे म्हणावे, तर नपुंसकलिंगातील माया ऐकू येण्याइतका वाचक अजून तिला ओळखत नसतो. भाषांतरकाराने सर्वनाम आणि जातिवाचक नाम दोन्ही सोडून नुसते ‘ट्युलिप’ एवढेच छापावे, असे मला वाटते. म्हणजे ती कोण हे कळण्यास वाचकाला त्या चिमुकल्या परसापर्यंत जावे लागेल.